श्रद्धा नसली तरी चर्चची पायरी चढा

सुट्टीत गोव्याला गेलेलं नाशिकचं कुटुंब जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेसमोर हमखास रांगेत उभं राहतं. ख्रिस्ती नसलेले, देवच न मानणारेही त्यात असतात. ‘श्रद्धा नाही तर जाता कशाला?’ असं त्यांना टोकणाऱ्यांचं मला पटत नाही. 1605 साली पूर्ण झालेली ती वास्तू घडवणारे गवंडी, सुतार, मूर्तिकार माणसंच होती. त्यांचं काम पाहायला धर्माचा दाखला लागत नाही.

पुढची पायरी लंडनची. वेस्टमिन्स्टर ॲबीत तिकीट काढून आत गेलेला मराठी पर्यटक आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या थडग्यापाशी थांबतो. हा देह विश्वासू हातांनी इथवर आणला, असं त्या दगडावर कोरलंय. हातांची नावं मात्र नाहीत. त्यातलं एक नाव आपल्या नाशिकशी जोडलेलं आहे.

जेकब वेनराइट. गुलामांच्या जहाजावरून सुटका झालेला हा आफ्रिकन मुलगा आपल्या शरणपूरच्या मिशन वसाहतीत वाढला, शिकला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा सोबत्यांनी त्याचा देह कित्येक महिने पायी वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. जेकब त्यांच्यात होता. 18 एप्रिल 1874 रोजी ॲबीतल्या दफनविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता.

शरणपूर रोडवरून रोज हजारो नाशिककर जातात. त्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? आपल्या शाळांच्या सहली पांडवलेणी दाखवतात, ते योग्यच आहे. पण शरणपूर त्यांच्या यादीत का नाही? नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत इतर धर्मांचे लोकही नवस घेऊन जातात. शरणपूरला जायला नवसाची गरज नाही, इतिहास पुरेसा आहे.

परक्या गावात आपण उत्सुक असतो आणि स्वतःच्या गावात आंधळे. दुसऱ्याचं प्रार्थनास्थळ पाहिलं की शेजारी कळतो, आणि आज शेजारी कळण्याची गरज फार मोठी आहे. म्हणून येत्या रविवारी मुलांना घेऊन शरणपूरच्या चर्चमध्ये जा. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, मोबाइल खिशात ठेवा. मग तिथल्या वडीलधाऱ्यांशी बोला आणि मुलांना जेकब वेनराइटचं नाव सांगा.