रेडॉक्साइडची थोरवी

फायबरच्या जुन्या गाडीला नव्याने रंग द्यायचा तर खाली प्राइमर कोणता मारावा, या प्रश्नावर जगभरची शहाणी माणसं डोकं खाजवत बसली आहेत. सांगलीच्या माधवनगरात तो केव्हाच निकालात निघाला आहे. बुधगाव रस्त्यावरच्या फाटकाला, खिडकीच्या ग्रिलला, उसाच्या ट्रॉलीला आणि कुपवाड एमआयडीसीतल्या शेडच्या खांबांना जो लागतो, तोच. रेडॉक्साइड. एक डबा, एक ब्रश, विषय संपला.

ज्या गाडीच्या निमित्ताने हे लिहायचं, ती आहे बंगळुरूच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन. इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून बेतलेली, ८४८ सीसीचं इंजिन, दोन दारं आणि अंगावर पत्र्याऐवजी फायबर. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि चार दारांची चटक लागलेल्या लोकांनी डॉल्फिनकडे पाठ फिरवली. सिपानीने पुढे चार दारांची मॉन्टाना काढली, पण तोवर वरात पुढे गेली होती. म्हणूनच आता एखादी डॉल्फिन गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली सापडली की मालकाची छाती फुगते. फायबरचं घराणंही काही साधं नाही. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोलेने कॉर्व्हेट काढली ती फायबरचीच. त्या वर्षी तीनशे गाड्या निघाल्या आणि सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या. रंगाचा घोळ मुळातच घालायचा नाही, हा कंपनीचा विचार माधवनगरच्या विचाराशी बराच जुळतो.

आता रेडॉक्साइडच का? त्याचं काम लोखंडाचा गंज रोखणं. फायबरमध्ये असतात काचेचे धागे आणि रेझिन. लोखंड औषधालाही नाही. म्हणजे इथे रेडॉक्साइडचा निकाल शंभर टक्के. फाटकावर मारलेल्या रेडॉक्साइडखालून दोन पावसाळ्यांनी गंज डोकावतो, पण फायबरवर मारलेल्या रेडॉक्साइडखाली गंज धरल्याची एकही तक्रार आजवर ऐकिवात नाही. तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाला औषध दिलं की वैद्याला यश हमखास येतं, तसंच हे. काही दीडशहाणे एचिंग प्राइमर सुचवतात. त्यातलं आम्ल धातूला चावून पकड घेतं. इथे चावायला धातूच नाही, तरी तो महाग असल्यामुळे त्यावर श्रद्धा बसायला हरकत नाही.

पूर्वतयारीचा बाऊ करू नये. परवा एमआयडीसीत काम शिकून आलेला एक पोरगा डॉल्फिनच्या मालकाला म्हणाला, “काका, घासायच्या आधी अंगावरचं मेण अन् सिलिकॉन काढाय पायजे. एका फडक्यानं द्रव लावायचा, वाळायच्या आत दुसऱ्यानं पुसायचा. तसंच घासलं तर ते सगळं पेपरच्या रेघांत बसतंय.”

मालक म्हणाले, “चाळीस वरसं पॉलिश मारलंय. ते काय फुकट घालवायचं व्हय?”

या उत्तरापुढे रसायनशास्त्राची मात्रा चालत नाही. पॉलिश जपून, त्याच्यावरूनच घासावं. मग रंग जिथे जिथे सिलिकॉनला भेटतो तिथून मागे सरतो आणि मोहरीएवढे गोल खड्डे पडतात. पेंटर त्यांना फिशआय म्हणतात. डॉल्फिनच्या अंगावर ते शोभूनच दिसतात.

जुना रंग काढण्याचीही एक सोपी तऱ्हा आहे. पत्र्याचा रंग उतरवायचं रिमूव्हर आणावं आणि फायबरवर सढळ हाताने ओतावं. ते रंगाबरोबर खालचं रेझिनही मऊ करतं, त्यामुळे कष्ट वाचतात. कोरड्या पेपरने हळूहळू, जेलकोटच्या म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराच्या आत न जाता घासणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या तर त्यांवर सरळ लांबी फिरवावी. चीर मुळापर्यंत कोरून काढणं, आत काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन भरणं, हे सारं ती चीर पुन्हा दिसू नये म्हणून करतात. वरवर भरलेली चीर मात्र काही महिन्यांत ठरल्या जागी, ठरल्या आकारात परत येते. इतका शब्दाला जागणारा पाहुणा दुसरा नाही.

खरं कौतुक पुढे आहे. रेडॉक्साइड साध्या, हवेवर वाळणाऱ्या सिंथेटिक तेलरंगाच्या जातीचं. त्यावर जेव्हा आजचा, हार्डनर मिसळून मारायचा टू-के रंग पडतो, तेव्हा त्याचा जहाल थिनर खालच्या थराला उचलतो आणि बॉनेटभर सुरकुत्या धरतात. लोक क्लासिक गाडी म्हणून मिरवतात आणि तिच्या चेहऱ्यावर मात्र वय दिसू देत नाहीत. रेडॉक्साइड हा ढोंगीपणा चालू देत नाही. शिवाय उघड्या पडलेल्या फायबरमध्ये थिनर मुरतो. तो घाई करत नाही. एप्रिलच्या उन्हात गाडी सांगलीच्या बाजारात दुपारभर उभी राहिली की तो वाफ होऊन वर येतो आणि रंगाला फोड धरतात. अंगठ्याने दाबलं तर फोड आत जातो आणि बोट काढलं की फुगून वर येतो. लहान मुलांना याची मोठी गंमत वाटते.

याउलट इपॉक्सी प्राइमरवाल्यांचा संसार पाहा. दोन डबे, प्रमाणात मोजायचे, मिसळून थोडं थांबायचं, नेमक्या वेळात संपवायचे. मग वाळायला पुरता वेळ द्यायचा. त्यावर हायबिल्ड सरफेसर, त्यावर काळ्या रंगाचा पुसट हात. मग चारशेच्या पेपरने घासत बसायचं, काळं उरेल तिथे खड्डा आहे असं समजायचं आणि पुन्हा घासायचं. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं म्हणून बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावायचा. आमच्याकडे तोंडाला रुमाल बांधतात. रुमालवाल्याला आयसोसायनेट दिसत नाही आणि आयसोसायनेटला रुमाल दिसत नाही. दोघांचं छान जमतं.

मुख्य मुद्दा हिशेबाचा. प्राइमर कुणाला दिसतो? गाडीचा रंग ठरवायला अख्खं घर बसतं, मेव्हणा मिरजेहून शेडकार्ड घेऊन येतो, मोती पांढरा की मलई पांढरा यावर जेवणं थंड होतात. प्राइमर ठरवायला पेंटरचं “काय मारू?” आणि मालकाचं “असंल ते मार” एवढंच लागतं. मंत्री येणार म्हणून रात्रीत डांबर पडलेल्या रस्त्याखाली कुणी वाकून पाहिलं आहे का? दिसणाऱ्यावर खर्च करावा आणि न दिसणाऱ्यावर भरवसा ठेवावा, यावर नगरपालिकेपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळ्यांचं एकमत असताना एका डॉल्फिननेच वेगळं का वागावं?

तरीही कुणाला रंगाच्या भवितव्याची चिंता वाटत असेल, तर गाडी विकून मोकळं व्हावं. जाहिरातीत “नुकताच रंग दिलेली” असं लिहावं आणि गिऱ्हाइकाला श्रावणात, ढगाळ दिवशी, सकाळी लवकर बोलवावं. चैत्रात येतो म्हणाला तर गाडी विकायची नाही असं सांगावं.