मालक, भात शिळा होता

मा. मालक महोदय,


पत्रास कारण की, गेल्या शनिवारी बढतीच्या आनंदात माझ्या भाच्याने आम्हा दोघी बहिणींना लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारातल्या आपल्या जपानी उपाहारगृहात आणलं, आणि आपण आम्हाला फ्रिजमधला भात खायला घातलात. एवढंच लिहून पत्र संपवता आलं असतं. पण आपल्या बिलाची लांबी पाहता पत्रही जरा लांबलं तर आपली हरकत नसावी.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. अंधार फार छान होता. मेन्यू वाचायला आम्ही मोबाइलचे दिवे लावले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्यांनीही त्या उजेडात आपापला मेन्यू वाचून घेतला. पाणी ‘स्टिल की स्पार्कलिंग’ असं विचारलंत; साधं पाणी महापालिकेने बंद केल्याचं आम्हाला ठाऊक नव्हतं. एका रोलवर सोन्याचा वर्ख, दुसऱ्यावर ट्रफल तेल, तिसऱ्याखालून कोरड्या बर्फाचा धूर. ट्रफल तेलात बहुतेकदा ट्रफल नसतंच, प्रयोगशाळेत बनवलेला वास असतो, हे मी भाच्याला सांगितलं नाही, कारण तो धुराचा व्हिडिओ काढत होता. आणि ती हिरवी गोळी! खरी वासाबी जपानात डोंगरी ओढ्यांच्या वाहत्या पाण्यात वाढते. किसल्यावर पंधराएक मिनिटांत तिचा झणका उतरतो, म्हणून ती आयत्या वेळी किसतात. जगभर बहुतेक ठिकाणी वाढतात ती हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांची कालवलेली पूड. आपलीही तीच. तक्रार नाही. नाक झिणझिणलं की मालवणी माणसाला बरंच वाटतं.

भाताचं मात्र सोडणार नाही.

आठ तुकड्यांचा रोल, किंमत 1,250 रुपये. वर सामन, रंग सुरेख. तुकडा तोंडात टाकला तर दातांना आधी गारठा लागला, मग दाणा. बाहेरून कोरडा, आतून पिठूळ. चावला की सुटा होऊन तोंडभर फिरत राहणारा. व्हिनेगरचा वास नाही, साखर-मिठाची चव नाही, आणि भोवतीची नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पापुद्रा, दमट होऊन इतकी चिवट झालेली की ती दातांनी ओढून तोडावी लागली. ताईने तिचा तुकडा हाताने उचलला. लगेच आपल्या वेटरने मोठ्या करुणेने काटा आणून ठेवला. (सुशी हाताने खाणं जपानात अगदी रीतसर आहे, त्याला सांगून ठेवा.) ताईने दोन बोटांत भात दाबून पाहिला आणि म्हणाली, “गो, ह्यो भात शिळो आसा.” ताईने उभं आयुष्य वेंगुर्ल्यात भात रांधला आहे. तिला सुशी कळत नाही. शिळा भात कळतो.

मी आपल्या मॅनेजरना बोलावलं आणि शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. त्यांनी मान तिरकी केली, हसले आणि म्हणाले, “मॅम, सुशी तो कोल्ड ही होती है. फर्स्ट टाइम ट्राय कर रहे हो?”

मालक, पैशांचं वाटलं नाही इतकं त्या हसण्याचं वाईट वाटलं. मासे-भातावर वाढलेल्या दोन बायकांना तुमचा माणूस भात शिकवतो! आमच्याकडे भात उरतो, रोज उरतो. त्याला फोडणी देतात, ताकात कालवतात, घरच्यांनी तो निमूट खायचा असतो. पण गारढोण शिळा भात पाहुण्याच्या पानात वाढायची हिंमत आमच्या घरात कुणी केली नाही. ती आपण केलीत, वर पाहुण्यालाच अडाणी ठरवलंत, आणि त्याचे पैसे एका पोराच्या बढतीतून घेतलेत. हा निर्लज्जपणा आहे. याहून सौम्य शब्द शोधायची माझी इच्छा नाही.

आता आपल्या मॅनेजरसाठी थोडं. सुशीत मासा थंड असतो, भात नव्हे. भात अंगाच्या उबेइतका कोमट हवा. शिजला की तो पसरट लाकडी भांड्यात उपसतात, तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून लाकडी उलथन्याने हलक्या हाताने असा परततात की दाणा मोडू नये. वारा घालून वाफ घालवतात आणि मग ओल्या फडक्याखाली झाकून ठेवतात. शिजलेल्या भातातला स्टार्च फ्रिजच्या गारव्यात भराभर घट्ट होतो आणि दाणा कडक पडतो. मॅनेजर नंतर ‘हायजीन’ही म्हणाले. अहो, व्हिनेगर त्यासाठीच असतं! भात पुरेसा आंबट असला की घातक जंतूंना त्यात वाढता येत नाही आणि तो काही तास बाहेर राहू शकतो. आपल्या भातात व्हिनेगर नावालाही नव्हतं, तेव्हा फ्रिजशिवाय गत्यंतर नव्हतं, हे मान्य.

एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, 1820च्या दशकात निगिरीचा, म्हणजे हाताने दाबलेल्या भाताच्या गोळ्यावर मासा ठेवलेल्या सुशीचा, जम बसला. तिचं श्रेय सहसा हानाया योहेई यांना देतात. रस्त्याकडेच्या गाडीवर उभ्याउभ्या खायचा तो पदार्थ. मासा समोरच्या खाडीतला, बराचसा मिठाव्हिनेगरात मुरवलेला. कच्चा सामन त्यात नव्हताच. तो 1980च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी जपान्यांच्या गळी उतरवला. आपण ज्याचं विमानभाडं आमच्याकडून वसूल करता तो पाहुणा सुशीत कालपरवा आला आहे, भात पहिल्यापासून घरचा आहे. ससून डॉकचा बांगडा मुरवून वाढा असा माझा आग्रह नाही. त्याच्या भावकीतला मासा जपानी लोक तसा मुरवून आवडीने खातात, एवढंच कानावर घालते.

आपल्या भिंतीवर जिरो ओनो यांचा भलामोठा फोटो आहे. टोकियोच्या गिंझा भागात तळघरात त्यांचं दहाएक खुर्च्यांचं सुशीचं दुकान, आणि त्यावर 2011 साली माहितीपट निघाला. आपण तो पाहिला असेल तर त्यातला तांदळाचा व्यापारी आठवत असेल. एक बडं हॉटेल तोच तांदूळ मागायला येतं आणि तो देत नाही, कारण हा तांदूळ शिजवायचा कसा हे त्यांना कुठे ठाऊक आहे! म्हाताऱ्याचा फोटो तेवढा उतरवा. त्याला रोज ते काउंटर बघावं लागतं.

आणि जागा तरी कुठली निवडलीत! याच गिरणगावात माझी आत्या खाणावळ चालवायची. कोकणातले, घाटावरचे गिरणी कामगार पाळी सुटली की पंगतीला बसत, आणि पाळीगणिक भात नवा लागे. रातपाळीचा माणूस पहाटे आला तरी त्याच्या ताटातून वाफ निघायची. अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुढे 1982चा संप झाला, गिरण्या गेल्या, पंगती गेल्या. त्याचा दोष मी आपल्यावर घालत नाही. पण स्टोव्हवर एकटीने केलेला भात गरम होता, आणि आपल्या लखलखीत स्टीलच्या मुदपाकखान्यातून आलेला गार, हे बघून आत्याने आपल्याला काय म्हटलं असतं ते मासिकात छापता येणार नाही.

निघताना काउंटरवरच्या मुलाशी बोलले. मणिपूरचा, उखरूलकडचा. दार उघडलं की त्याने जपानीत स्वागताची आरोळी ठोकायची, असा आपला नियम. दर आरोळीला हातातली सुरी थांबायची आणि मग पुन्हा चालायची. भाताबद्दल विचारलं तर त्याने आधी मॅनेजर कुठे आहेत ते पाहिलं. “दोपहर को एक बार बनता है, मॅम. शाम को दुबारा बनाने का परमिशन नहीं है.” मग हळूच म्हणाला, “मुझे भी मालूम है.” त्याला माहीत आहे, मालक! भात खाणाऱ्या मुलखातून आलेला पोरगा रोज संध्याकाळी तो गारठलेला गोळा मुठीत घेतो आणि गिऱ्हाइकापुढे ठेवतो. आम्ही निदान एकदाच खाल्ला.

तुमचंही दुःख मला दिसतं, खोटं कशाला बोलू. त्या आवारातलं भाडं, दारूचा परवाना, विमानाने येणारा मासा, फुकट जेवून रील टाकणारी मंडळी. आणि गिऱ्हाईक म्हणजे आमच्या भाच्यासारखं. त्याने धुराचा व्हिडिओ काढला, वर्खाचा फोटो काढला, भाताकडे पाहिलंही नाही. भाताचा फोटो कोण काढतो? कोमट भात स्क्रीनवर दिसत नाही. उद्या आपण तो सुधारलात तरी तिथे कुणी टाळ्या वाजवणार नाही, आणि हे आपल्याला पक्कं ठाऊक असणार. वाईट वाटतं ते याचंच. पण तांदूळ ही तुमच्या स्वयंपाकघरातली जवळपास सगळ्यात स्वस्त जिन्नस हो! वाचवून वाचवून वाचवलंत काय, तर संध्याकाळचं एक पातेलं.

बिलात 10 टक्के सेवाशुल्क आपोआप आलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच ते असं परस्पर लावायला मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. भाच्याला तिथे वाद नको होता. मला चालतो. रक्कम आठ दिवसांत परत न आल्यास ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक माझ्याकडे आहे.

ता. क. – बिलासोबत पुढच्या भेटीसाठी 15 टक्के सवलतीचं कूपन मिळालं, आभारी आहे. ताई गावी जाण्याआधी ते वापरायचं म्हणते. गुरुवारी रात्री आठला येऊ. भात ती घरून डब्यात आणेल, मासा तेवढा आपला वाढा. दारावर ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई’ अशी पाटी आहे, ती त्या दिवसापुरती काढून ठेवावी, ही विनंती.

आपली,
शनिवारच्या खिडकीजवळच्या टेबलावरची धाकटी बहीण