अण्णांचा उपवास

उपवासाला कोथिंबीर चालते का, हा प्रश्न आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणालाही पडला की तो तिसऱ्या मजल्यावर अण्णांकडे जातो. अण्णा डोळे मिटतात. "तुमच्या घरी चालते?" "नाही." "मग नाही चालत. आमच्याकडे चालते." जिरं चालतं, हळद नाही, एकादशीला वरी काही घरांत चालते, काही घरांत नाही, सगळा कायदा मुखोद्गत. निकाल त्यांच्या स्वतःच्या ताटाविरुद्ध गेल्याचं मात्र एकही उदाहरण नाही.

वर्षाच्या 24 एकादश्या, अधिक महिना आला की 26, वर संकष्ट्या आणि श्रावणी सोमवार. "पोटाला विश्रांती हवी हो," म्हणत अण्णा सकाळी खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चारला रताळ्याचे काप घेतात. मधला राजगिऱ्याचा लाडू अशक्तपणासाठी. तोंडात घास असतानाच अर्थही सांगतात: उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं, देवाजवळ राहणं तो उपवास. त्यांचा देव्हारा स्वयंपाकघरात आहे. त्यामुळे त्या दिवशी ते तिथून हलत नाहीत. काकूंना तर हलायची सोयच नसते.

एकदा मी खोडी काढली. म्हटलं, "अण्णा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, सगळं मूळचं अमेरिकेकडचं. समुद्र ओलांडून आलेलं."

"म्हणजे ऋषिमुनींनी हे पाहिलंच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग ते निषिद्ध कसं ठरवणार?" आणि त्यांनी खिचडीची वाटी पुढे केली.

आपण सोडलेला घास भुकेल्याच्या तोंडी जावा म्हणून उपवासाला दानाची जोड, हेही अण्णांकडूनच ऐकावं. फार गोड सांगतात. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचं दान म्हणून ते फाटकाशी पाण्याने भरलेला माठ ठेवतात. वॉचमन, कुरिअरवाली पोरं, भाजीवाली, सगळे पाणी पितात, दुवा देतात. तिन्हीसांजेला अण्णा माठ उचलून घरी नेतात. संकल्प पाण्याचा सोडला होता, माठाचा नव्हे.

2023 साली अधिक श्रावण आला. या महिन्यात जावयाला 33 अनारशांचं वाण देतात. अण्णांना मुलगी नाही, पण ते स्वतः कुणाचे तरी जावई आहेतच. 68व्या वर्षी रिकामा डबा घेऊन मेहुण्याच्या दारात उभे राहिले. घेणाराच आला नाही तर बिचाऱ्या देणाऱ्याला पुण्य लागणार कसं? (अनारसे मोजून घेतले. एक तुटका होता, तो बदलून मागितला.)

संकष्टीला मात्र त्यांची खरी कसोटी. ठाणे जिल्ह्यात चंद्र उगवायच्या वीसेक मिनिटं आधी तो नागपुरात उगवतो, आणि अण्णांचं घराणं मूळचं नागपूरचं. परवा ताट वाढून झालं होतं, मोदकावर तूप सुटलं होतं, अण्णांच्या कानाला फोन. "उगवला का गं, ताई? नीट बघ. गच्चीवर जा." तिने हो म्हणताच अण्णांनी पूर्वेला हात जोडले आणि कुलाचाराप्रमाणे पहिला मोदक फोडला.

जेवण उरकेतो आमचाही चंद्र इमारतींच्या वर आला. अण्णा बडीशेप चघळत गॅलरीत आले, त्यालाही नमस्कार केला, आणि आत वळून विचारलं, "अगं, मोदक उरलेत का? याचाही नैवेद्य राहिलाय."