वाळू आहे, समुद्राचं नंतर बघू

मराठी माणसाची सहल नकाशावर ठरत नाही. नातेवाईक कुठे राहतात, त्यावर ठरते. आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर केरळातलं वर्कला दाखवलं. तांबड्या जांभ्याचा उभा कडा, काठावर हॉटेलांची रांग आणि खाली थेट अरबी समुद्र. घरात कधी नव्हे ते एकमत झालं. पण वर्कलाला आपलं कुणी नाही आणि म्हैसूरला आत्या आहे. तिकिटं म्हैसूरची निघाली.

"कडा काय, बीच काय, इथं सगळं आहे," आत्या म्हणाली. "फक्त वेगवेगळं ठेवलंय."

कड्याच्या खात्यात चामुंडीचा डोंगर आला. पायऱ्या हजारभर. वाटेत एकाच दगडात कोरलेला प्रचंड नंदी लागतो. इथून पुढे न चढण्याचा निर्णय त्याने 1659च्या सुमारास घेतला आणि तो अजून बदललेला नाही. बाबांनी त्याला तिथेच बसून जाहीर पाठिंबा दिला. आम्ही वर पोचलो. राजवाडा दिसला, ललित महाल दिसला, रेसकोर्सही दिसलं.

"समुद्र?" चिरंजीवांनी विचारलं.

"तो उद्या," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस किलोमीटरवरच्या तळकाडला गेलो. तिथे खरोखरच वाळू होती. नुसती वाळू नव्हे, वाळूचे डोंगर! समुद्राऐवजी कावेरीचं वळण. एके काळी ही गंग राजांची राजधानी. चोळांना हरवल्यावर होयसळ विष्णुवर्धनाने इथे कीर्तिनारायणाचं देऊळ बांधलं, तेही पुढे वाळूखाली गेलं आणि उकरून काढावं लागलं. एरवी देवळात जायला पायऱ्या चढाव्या लागतात. इथे पाताळेश्वराकडे उतरावं लागतं. बाबा एकदम खूश झाले.

एवढी वाळू आली कुठून? जाणकार म्हणतात, वरच्या अंगाला बंधारा झाला, नदीचं पात्र उघडं पडलं आणि वाऱ्याने वाळू गावात आणून टाकली. आत्याने जाणकारांना हाताने बाजूला सारलं.

"अय्यो, शाप आहे तो!"

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूरच्या राजा वडियारांनी श्रीरंगपट्टण घेतलं. तिथल्या विजयनगरच्या सुभेदाराची पत्नी अलमेलम्मा दागिने घेऊन या बाजूला आली. ते दागिने सणावारी श्रीरंगपट्टणच्या देवीच्या अंगावर चढत, म्हणून राजाची माणसं मागे लागली. आख्यायिका अशी, की तिने मोत्यांची नथ तेवढी परत पाठवली आणि उरलेल्या दागिन्यांसकट कावेरीत उडी घेतली. जाताना शाप दिला: तळकाडची वाळू होवो, मालंगीला भोवरा पडो, म्हैसूरच्या राजांना मूल न होवो. राजघराण्यात दत्तक घ्यायची वेळ पुनःपुन्हा आली. अगदी 2015 सालीही आली. राजवाड्यात अलमेलम्मांची पूजा होते.

टोपलीसारख्या गोल होडीत बसून आम्ही हे ऐकत होतो. नावाड्याने गंमत म्हणून होडी गरगर फिरवली. बाबांनी डोळे मिटून त्या बाईंची मोठ्याने माफी मागितली. राजाची बाजू घ्यायला होडीत कुणीच उरलं नाही.

आत्या मात्र पाण्याकडे बघत बराच वेळ हिशेब करत होती. शेवटी म्हणाली, "बाकी सगळं बरोबर केलं तिनं. पण नथ द्यायला नको होती."