व्होल्टेज जरा डाऊन आहे

ओहमचा नियम नववीच्या विज्ञानात आहे आणि त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, दोघांना गुणलं की वॅट. गेओर्ग ओहम नावाच्या जर्मन मास्तराने 1827 साली हे छापलं. मास्तरांच्या म्हणण्याला आपल्याकडे जी किंमत असते तीच तिकडेही मिळाली. बिचाऱ्याने नोकरी सोडली. पुढे 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला पदक दिलं आणि विषय मिटला.

माझी तक्रार आहे ती वर्गाबद्दल. त्याच 1841 साली जूल या बिअरवाल्याच्या मुलाने दाखवून दिलं की तारेतली उष्णता करंटच्या नव्हे, करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शोध मँचेस्टरजवळ बसूनही लावता येतो. भोगायला मात्र कोल्हापुरात राहावं लागतं.

आमची कॉलनी संपते तिथे ऊस सुरू होतो, आणि डीपीवरून निघालेली लाइन संपते तिथे आमचं घर. डीपीवरून 230 व्होल्ट निघतात. मधल्या तारेलाही रोध असतो, त्यामुळे अलीकडच्या घरांतले गीझर जितका करंट ओढतील तितके जास्त व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. खांबावर ॲल्युमिनियमच्या तारा पिळून बांधलेला, काळा पडलेला एक जॉइंट आहे, त्याची अडत वेगळी. थंडीत सकाळी साडेसहाला आमच्या प्लगात मल्टिमीटर घातला की 180 दिसतात. वायरमनचं यावर मत ठरलेलं आहे : "काका, लाइट हाय की! होल्टेज जरा डाऊन हाय, एवढंच."

हे 'जरा' मोजून पाहू. गीझरवर 230 व्होल्ट, 2000 वॅट असं लिहिलंय. 230 चा वर्ग केला, 2000 ने भागलं, कॉइलचा रोध आला 26.45 ओहम. व्होल्टेज पडलं म्हणून कॉइल काही आपला रोध बदलत नाही. आता 180 चा वर्ग करून त्याला 26.45 ने भागा : 1225 वॅट. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी डाऊन, गीझर एकोणचाळीस टक्क्यांनी. पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला एकवीस मिनिटं पुरायला हवीत, ती चौतीस होतात. बिलात मात्र अन्याय नाही. पाणी तितकंच तापतं, युनिट तितकेच पडतात. टॉवेल घेऊन ताटकळत उभं राहण्याचा आकार अजून लावलेला नाही, याची नोंद घ्यायला हवी.

1956 च्या भारतीय वीज नियमांत लो व्होल्टेजसाठी सहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको असं म्हटलं होतं. म्हणजे 216 व्होल्ट. तेवढे मिळाले तरी गीझर 1760 च्या पुढे जातो. इतकी श्रीमंती आम्ही मागितलेली नाही.

शेजाऱ्यांनी यावर स्टॅबिलायझर बसवला. तो 180 चे 230 करून देतो आणि त्यासाठी लाइनमधून जास्त करंट घेतो. त्यामुळे आमच्याकडे 175 येतात. संबंध चांगले आहेत.

पलीकडच्या ऊसवाल्या पाटलांचं दुखणं उलटं. गीझरला व्होल्टेज कमी मिळालं तर तो करंटही कमी घेतो आणि गप्प बसतो. मोटारीचा स्वभाव तसा नाही. पाणी तितकंच उपसायचं असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की ती करंट जास्त ओढते. 415 व्होल्टला साधारण आठ अँपिअर घेणारी 5 एचपीची मोटार 320 ला दहाच्या वर जाते. करंट तीस टक्के वाढला की वाइंडिंगमधली उष्णता जवळजवळ सत्तर टक्क्यांनी वाढते, इथेही वर्गच. रात्रीच्या पाळीची थ्री फेज येते, वास येतो, आणि सकाळी मोटार टेम्पोत घालून उद्यमनगरला रिवाइंडिंगला जाते. म्हणजे जिथे उष्णता हवी तिथे वर्ग ती कमी करतो आणि जिथे नको तिथे वाढवतो. ओतकामापासून मोटार बांधण्यापर्यंत सगळं येणाऱ्या या शहराला त्यातून निदान रोजगार मिळतो.

नुसत्या आकडेमोडीवर विसंबावं तर तीही दगा देते. पुतण्याने शाळेच्या प्रकल्पासाठी 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब मल्टिमीटरने मोजला. 65 ओहम आले. त्याने सूत्रात घालून 814 वॅट लिहिले. बाईंनी शेरा मारला, 'पुन्हा मोजा'. पुन्हा मोजले, 65 च आले. पेटलेला बल्ब 882 ओहमचा असतो, पण थंड टंगस्टनचा रोध त्याच्या चौदाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो, हे सूत्रात कुठेच लिहिलेलं नसतं. मार्क गेले ते गेलेच.

वायरमनला मी हे सगळं एकदा समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, टेस्टर प्लगात घातला आणि पेटलेला लाल ठिपका मला दाखवला. तो ठिपका 180 लाही पेटतो आणि 120 लाही.

तेव्हा त्याच्याकडे आता काही मागणं नाही. विनंती आहे ती गीझर बनवणाऱ्यांना : 230 व्होल्टला 2000 वॅट छापता, त्याखाली '180 व्होल्टला 1225 वॅट' अशी आणखी एक ओळ छापा. हिशोब वर करून दिलेला आहे, त्याचे पैसे नकोत.