भयाची पैसेवारी

चित्रपट पाहून त्यास तारे बहाल करण्याची जी रीत मुंबई-पुण्याकडील वर्तमानपत्रांनी रूढ केली आहे, ती आमच्या बीड जिल्ह्यात फारशी रुजली नाही. याचे कारण आमच्याकडे ताऱ्यांची टंचाई आहे असे नसून, उन्हाळ्यात गच्चीवर निजणाऱ्या माणसाला ते फुकट आणि मुबलक दिसत असल्यामुळे त्यांना किंमत उरलेली नाही, हे होय. आमचे दाजी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले. देहाने त्यांनी कचेरी सोडली असली तरी त्यांच्या आत्म्याच्या कार्यमुक्तीचा हुकूम अद्याप निघालेला नाही, आणि म्हणून ते प्रत्येक चित्रपटाची पैसेवारी काढतात. शेतीशी ज्यांचा संबंध भाजीच्या पिशवीपलीकडे गेलेला नाही अशा वाचकांच्या माहितीसाठी नमूद करणे प्राप्त आहे की, गावच्या पिकाचा अदमास सरकार पैशांत करते. आकडा ५० पैशांच्या खाली आला की टंचाई ग्राह्य धरली जाते आणि शेतसाऱ्यात सूट, वसुलीस स्थगिती, मुलांची परीक्षा-फी माफ अशा सवलतींचा ओघ निदान कागदोपत्री तरी वाहू लागतो. ही पैसेवारी एकदाच निघत नाही. प्रथम नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि अखेरीस अंतिम. दाजी आपली नजर पैसेवारी चित्रपट चालू असतानाच, तीही उच्चस्वराने, जाहीर करतात.

दाजींचा भाचा पुण्यास संगणकशास्त्र शिकतो. तो २०२५च्या उन्हाळी सुट्टीत भयपट आणि विज्ञानपट यांचा भरभक्कम साठा घेऊन बीडला आला, तेव्हा ते सर्व आम्ही ओसरीवर सहकुटुंब पाहिले, आणि त्यावरून माझे असे मत झाले आहे की, पडद्यावरील भयाने घाबरण्यासाठी प्रेक्षक मुळात निर्धास्त असावा लागतो, आणि पडद्यावरील विज्ञानाने थक्क होण्यासाठी त्याच्या घरी नळाला रोज पाणी यावे लागते. ज्या मुलुखात या दोन्ही गोष्टी अनियमित आहेत, तेथे भय आणि विज्ञान हे दोन्ही विषय अंती महसूल खात्याच्याच अखत्यारीत जातात.

प्रारंभ ‘तुंबाड’ने झाला. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ साली आला तेव्हा लोकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, आणि २०२४च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला तेव्हा त्याच लोकांनी रांगा लावल्या. त्यामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे हे कळल्यावर, ज्यांचे तारुण्य वाचनालयातून धारपांची पुस्तके आणून कंदिलाच्या उजेडात वाचण्यात गेले अशा माझ्यासारख्यांना तर तो घरचाच वाटला. परंतु कथेच्या आरंभी जेव्हा असे सांगण्यात आले की, हस्तर नामक लोभी देवपुत्राचे मंदिर बांधल्यामुळे देव कोपले आणि त्यांनी तुंबाड गावावर अखंड पावसाचा शाप घातला, तेव्हा दाजी ताडकन उठून बसले.

“देवाचा शाप म्हणून पाऊस?” ते म्हणाले. “मग ह्या शापासाठी अर्ज कुठं करायचा?”

त्यानंतर हस्तराकडे सोने अमाप असूनही त्याला धान्य मिळू दिले नाही, सबब तो युगानुयुगे भुकेला आहे आणि कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो, हा जो मजकूर आला, त्याने भाच्याच्या अंगावर शहारे आले. आमच्या आक्काला मात्र गहिवरून आले. “शिधापत्रिका नसंल बिचाऱ्याला,” ती म्हणाली. दाजींनी अधिक खोलात जाऊन खुलासा केला की, शिधापत्रिका असेलही, पण तसल्या बोटांचा ठसा दुकानातील यंत्रावर उमटणे अशक्य. नजर पैसेवारी ७० निघाली. तथापि २०२५च्याच सप्टेंबरात सिंदफणा आणि मांजरा पात्र सोडून शेतांत शिरल्या, उभे सोयाबीन कुजले, जमिनी खरवडून गेल्या. तेव्हा शापाच्या अर्जाविषयीचे आपले उद्गार दाजींनी दफ्तरातून खारीज केले आणि सुधारित पैसेवारी एकदम ४०वर आणली. देवांनी अर्ज नसतानाही मंजुरी द्यावी, ही गोष्ट त्यांना नियमबाह्य वाटते.

पुढचा चित्रपट ‘लपाछपी’. विशाल फुरिया यांनी २०१७ साली केलेला हा मराठी भयपट, ज्याची पुढे २०२१मध्ये ‘छोरी’ या नावाने हिंदी आवृत्ती निघाली, आम्ही पाहत असताना आमच्यासोबत शेजारच्या मावशी बसल्या होत्या, ज्यांची हयात शिरूर कासार तालुक्यातून दसऱ्यानंतर निघून सांगली-कोल्हापूरकडे ऊस तोडण्यात आणि गळीत हंगाम संपल्यावर परतण्यात गेली. गर्भवती नायिका उसाच्या फडाच्या मधोमध असलेल्या एकाकी घरात अडकते, चहूकडे उंच ऊस, पानांची सळसळ, आणि त्या हिरव्या चक्रव्यूहातून बाहेर पडायची वाट तिला काही केल्या सापडत नाही, असा तो प्रसंग आहे. भाच्याने उशी छातीशी धरली होती. मावशी पडद्याकडे जाणकार नजरेने पाहत म्हणाल्या, “ऊस चांगला हाय. एकरी साठ टन कुठं गेला न्हाई.” मग थोडा विचार करून, “वाट कशापायी हुडकायलीय? कोयता घ्यावा, तोडत निघावं.”

भाच्याने त्यांना विचारले की, मावशी, तुम्ही रात्री-अपरात्री फडात असता, पाचटाच्या कोपीत राहता, तुम्हाला कधी भूत नाही का दिसले? त्यावर त्यांनी जे सांगितले, त्यापुढे धारप, मतकरी आणि समस्त हॉलिवूड यांनी नतमस्तक व्हावे. “दिसलं असंल, लेकरा. पर त्याच्याकडं बघत बसलं तर मोळ्या कोण बांधील? भूत आडवं आलं म्हणून मुकादम खाडा सोडत न्हाई.” नवरा-बायको मिळून जेथे एक ‘कोयता’ मोजला जातो, हंगामापूर्वीच घेतलेली उचल जेथे अंगावर असते, आणि एक दिवस चुकला तर खाड्याची रक्कम त्या उचलीत चढते, तेथे अतृप्त आत्म्याने कोणाच्या मानगुटीवर बसावे? ती जागा रिकामी नाही.

मात्र चित्रपटाच्या उत्तरार्धात, त्या भयाच्या मुळाशी नकोशा ठरवलेल्या मुली आहेत, हे उघड झाले तेव्हा ओसरीवर कोणी काही बोलले नाही. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, हा आकडा आमच्या जिल्ह्याचा होता आणि राज्यात सर्वांत खालचा होता. दाजींनी त्या चित्रपटाची पैसेवारी काढली नाही.

विज्ञानपटांकडे वळताना आम्ही ‘इंटरस्टेलर’ निवडला. क्रिस्टोफर नोलन यांचा हा २०१४चा चित्रपट भाच्याने पुण्यात पुनःप्रदर्शनात पाहिला होता आणि त्याच्या मते तो मानवी कल्पनेची परिसीमा आहे. पहिल्या अर्ध्या तासात पिके रोगाने करपतात, धुळीचे लोट उठतात, बापाला शेतीचे भवितव्य दिसत नाही, आणि धूळ बसू नये म्हणून ताटे टेबलावर पालथी मांडतात. “यात कल्पना कोणची?” आक्काने विचारले, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरील पालथ्या ताटांकडे बोट केले. पुढे अंतराळवीर अशा एका ग्रहावर उतरतात जेथे क्षितिजापर्यंत गुडघाभर पाणीच पाणी आहे, ते पाहताच दाजी, आक्का, मावशी, तिघेही एकमुखाने “इथंच ऱ्हावा!” असे ओरडले. डोंगराएवढी लाट येते आणि मंडळी जीव घेऊन पळतात, ही बाब दाजींनी दुय्यम ठरवली. “एक बंधारा घातला असता तर जागेवर थांबली असती,” असा त्यांचा अभिप्राय आहे.

त्या ग्रहावरील एक तास म्हणजे पृथ्वीवरील सात वर्षे, हे तत्त्व समजावण्यासाठी भाच्याने आइन्स्टाइन, गुरुत्वाकर्षण आणि कृष्णविवर यांची आकृती काढण्यास कागद मागितला. दाजींनी तो दिला नाही. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला, आणि बीडहून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. ज्यांनी मंजुरीचे पेढे भर तारुण्यात खाल्ले ते पिकल्या केसांनी, ज्येष्ठत्वाचा दाखला हाती धरून तिकिटाच्या खिडकीशी गेले, तो कळले की ज्येष्ठांची सवलत रेल्वेने २०२० सालीच बंद केली आहे. कालविस्ताराचा सिद्धांत ज्या जिल्ह्याने अंगाखांद्यावर वागवला, त्याला कृष्णविवराची आकृती काय शिकवणार?

‘ड्यून’विषयी थोडक्यात. वाळूच्या ग्रहावरील लोक मृतांच्या देहातील पाणी काढून भुयारी टाक्यांत साठवतात व त्याला तहानेनेही शिवत नाहीत, हे पाहून दाजींनी वहीत ‘मृतसाठा’ अशी नोंद केली. शिवाय त्या ग्रहाला राजा भास्कर लाभला नाही याबद्दल त्यांनी खेद प्रकट केला. बीडची खजाना विहीर त्याने निजामशाहीत, हिजरी ९९१मध्ये, सलाबतखानाच्या आज्ञेने बांधली आणि भूमिगत कालव्यांनी तिचे पाणी शेतांना दिले, तेव्हा कोणी त्याला विज्ञानकथा म्हटले नव्हते.

अखेर ‘द मार्शियन’. मंगळावर एकटा मागे राहिलेला वनस्पतिशास्त्रज्ञ बटाटे लावतो, आणि जेथे आपण पीक घेतले ती भूमी आपली वसाहत झाली असा दावा सांगतो. “गायरानावर अतिक्रमण,” दाजी म्हणाले. पण पुढे निवासाचा दरवाजा फुटून त्याचे सारे बटाटे एका क्षणात गोठून मेले, तेव्हा त्यांचा सूर पालटला. पीक विम्याच्या नियमाप्रमाणे नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. मंगळावरून संदेश पोचण्यास ग्रहांच्या स्थितीनुसार तीन ते बावीस मिनिटे लागतात, म्हणजे मुदतीत बसते. विमा कंपनीचे दायित्व हप्त्याच्या ११० टक्क्यांपुरते मर्यादित ठेवणारा, आणि भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीचा ठराविक वाटा वगळून उरलेली रक्कम सरकारला परत करणारा जो ‘बीड पॅटर्न’ २०२० साली येथे सुरू झाला, तो मंगळास लागू करण्यासही दाजींची हरकत नव्हती. अडचण एकच निघाली: पंचनाम्यास दोन पंच हवेत, आणि त्या ग्रहावर अर्जदाराखेरीज मनुष्यवस्ती नाही.

दाजींनी बराच वेळ डोके खाजवले. चित्रपट त्यांना मनापासून आवडला होता. ऐंशीच्या खाली जाणार नाही असे ते मध्यंतरीच मला म्हणाले होते. तरीही अंतिम पैसेवारी त्यांनी ४९ लिहिली आणि खाली सही केली.

“असं का, मामा?” भाच्याने विचारले.

“अरे, ऐंशी लिहिली तर त्या पोराचा शेतसारा माफ व्हायचा कसा?”