शाळांचे पंचांग

कॅलिफोर्नियातल्या शालेय जिल्ह्यांचे आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते, पण त्याचे मुहूर्त सॅक्रामेंटो या राजधानीत काढले जातात. शालेय जिल्हा म्हणजे निवडून आलेल्या मंडळाने शाळा चालवण्याची स्वतंत्र व्यवस्था. स्वातंत्र्य अर्थात खर्चाचे, उत्पन्नाचे नव्हे. 1978 च्या ‘प्रस्ताव 13’ने मालमत्ता कराला 1 टक्क्याचे कुलूप घातले. तेव्हापासून जिल्ह्यांची मुख्य भिस्त राज्यावर, राज्याची आयकरावर आणि आयकराची श्रीमंतांच्या शेअरनफ्यावर. तिसरीच्या वर्गात बाके किती, हे शेवटी शेअर बाजार ठरवतो.

राज्यपाल जानेवारीत एक आकडा सांगतात आणि मेच्या मध्यावर तो बदलतात. शिक्षकांना कपातीची पहिली नोटीस मात्र कायद्याने 15 मार्चपर्यंत द्यावी लागते, म्हणजे पहिला आकडा शिळा आणि दुसरा अजून चुलीवर असताना. तेव्हा सावध जिल्हा सढळ हाताने नोटिसा वाटतो. 2009 च्या मार्चमध्ये वीस हजारांहून अधिक शिक्षकांना त्या मिळाल्या. बऱ्याचशा नंतर मागे घेतल्या गेल्या. सर्वांत शेवटी रुजू झालेल्याचा नंबर पहिला लागतो. काही ठिकाणी एकाच दिवशी रुजू झालेल्यांसाठी चिठ्ठ्या टाकतात. गुणवत्तेचा संशयसुद्धा येऊ नये, इतकी ही पद्धत निःपक्ष आहे.

त्याआधी रिकाम्या जागा भरणे थांबते, मग ग्रंथपाल, परिचारिका आणि संगीतशिक्षक जातात. व्हायोलिने कपाटात राहतात. 1996 पासून लहान वर्गांत वीसच मुले ठेवण्याला अनुदान होते. 2009 मध्ये त्याच्या अटी सैल झाल्या आणि वर्ग फुगले. त्यानेही भागेना, तेव्हा 180 दिवसांचे शालेय वर्ष 175 पर्यंत आणायची मुभा मिळाली. पंचांगात क्षयतिथी असते. इथे पाच क्षयदिन निघाले, आणि त्या दिवसांचा पगारही त्यांच्याबरोबरच क्षय पावला.

राज्याची स्वतःची काटकसर याहून देखणी. आर्थिक वर्ष 30 जूनला संपते. म्हणून जूनचा हप्ता जुलैत द्यायचा! एक डॉलरही न वाचवता त्या वर्षीचा खर्च कागदावर घटतो. मागच्या दशकाच्या सुरुवातीला असे लांबवलेले हप्ते सुमारे 1000 कोटी डॉलरवर गेले होते. तोवर पगार भागवायला जिल्ह्यांनी कर्जे काढली. बचत राज्याच्या खात्यावर, व्याज शाळांच्या.

एवढे करून जिल्ह्याने चालू वर्षासह पुढच्या दोन वर्षांचाही खर्च भागेल, असे त्याच्या हिशेबावर देखरेख ठेवणाऱ्या काउंटी प्रशासनाला दाखवायचे असते. जानेवारीचा आकडा मेपर्यंत टिकवता न येणाऱ्या राज्याचीच ही अट.

बाजार वधारला की एकवेळचा निधी येतो. त्यातून समुपदेशक नेमले जातात, व्हायोलिने बाहेर निघतात. निधी एकवेळचा असला, तरी पगार दर महिन्याचा असतो, हे जिल्ह्याला सहसा पुढच्या मार्चमध्ये आठवते.